अ‍ॅजिंकोर्टचं रखडलेलं सैन्य : २८ मिमी शिपाई पुन्हा रंगवायला घेताना (आणि वर खानदेशी उन्हाळा)

तापीकाठ

माझं सैन्य १४१५ च्या अ‍ॅजिंकोर्टच्या लढाईचं (इंग्रज विरुद्ध फ्रेंच), टेबलावर खेळायच्या, सुमारे २८ मिमी उंचीच्या शिपायांचं. आधी खोक्यात काय आहे ते मांडतो, म्हणजे उत्तरं हवेत जाणार नाहीत.

प्लास्टिकचे इंग्रज धनुर्धारी ६०. त्यातले २२ जुन्या पद्धतीने पूर्ण : काळा प्रायमर, भडक लाल-निळे अंगरखे, वॉश (घड्यांत उतरणारा पातळ गडद रंग) नाही, बेसवर हिरवा भुसा. २० वर नुसता प्रायमर. १८ अजून फ्रेमवरच (साच्यातून आलेल्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले). प्लास्टिकचे पायदळ नाईट २४, जोडलेले, पण स्प्रे प्रायमर खरखरीत बसलाय, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं लागतं. धातूचे फ्रेंच घोडेस्वार १२, त्यांच्यावर रंगाचे थर इतके जाड की घोड्यांच्या नाकपुड्या बुजल्यात. व्हॅलेहो मॉडेल कलरच्या तीसेक बाटल्या, निम्म्या घट्ट.

प्रश्न तीन. जुने २२ खरवडायचे की ठेवायचे? ठेवले तर नवे त्यांच्याशी कसे जुळवायचे? आणि मे महिन्यात भुसावळात ब्रशच्या टोकावरच रंग वाळतो, त्याचं काय?

कुंचलेवाला

२२ ना हात लावू नका. म्हणजे रंग काढू नका. टेबलावर तीन फुटांवरून सैन्य बघताना डोळा तीनच गोष्टी जुळवतो : बेस, चेहऱ्याचा रंग, लोखंडाची छटा. ही तीन एकसारखी केली की अंगरख्याचा लाल जुना की नवा हे कुणाला कळत नाही. उलट सगळे अंगरखे एकाच छटेचे झाले तर फौज खोटी दिसते. शिपायांचे कपडे काही एका ताग्यातून निघत नव्हते.

जुन्यांवर करायचं ते एवढंच. कोमट साबणाच्या पाण्यात मऊ टूथब्रशने धूळ काढा, रात्रभर वाळू द्या. मग सगळ्या अंगावर गडद तपकिरी वॉश. तयार वॉश असेल तर तीन भाग वॉश, एक भाग वॉश मीडियम (वॉश पातळ करायचं बिनरंगी द्रव). नुसतं पाणी घातलं तर रंगद्रव्य कडेला जाऊन चहाच्या कपाखाली उमटते तशी कडी पडते. सपाट जागी, म्हणजे टोपीचा माथा, मांडी, ढाल, साचलेला वॉश ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्या. भडक लाल आपोआप खाली बसतो. वाळल्यावर चेहरा, हाताची बोटं आणि अंगरख्याच्या फक्त वरच्या घड्या उजळायच्या. एका शिपायाला दहा मिनिटं पुरतात. बेसवरचा हिरवा भुसा मात्र खरवडून टाका.

अर्धाकच्चा

कुंचलेवाल्यांशी सहमत, पण घोडेस्वार खरवडावेच लागतील. बुजलेली नाकपुडी वॉशने उघडत नाही.

तपकिरी डेटॉल, पाणी न मिसळता, झाकणाच्या काचेच्या बरणीत. धातूचे आकडे (म्हणजे या छोट्या मूर्ती) २४ तास बुडवले की बहुतेक अ‍ॅक्रिलिक सालपटासारखं सुटतं. आता मुख्य गोष्ट : बाहेर काढून थेट नळाखाली धरू नका. पाणी लागताच सुटलेला रंग आणि डेटॉल मिळून डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि तो फटीफटीत जाऊन बसतो. आधी डेटॉलमध्येच टूथब्रश बुडवून घासा, दुसऱ्या वाटीत थोडं कोरं डेटॉल घेऊन त्यात खंगाळा, मग भांड्याचा साबण, आणि सगळ्यात शेवटी पाणी. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

प्लास्टिकला हेच चालतं, फक्त वेळ कमी ठेवा आणि दर काही तासांनी बघा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकजवळ आणायचंच नाही, आकडा वितळतो. प्रायमर गाड्यांचा लॅकर जातीचा असेल तर डेटॉल त्याला दाद देत नाही. वरचा रंग निघाला आणि प्रायमर चिकटून राहिला तर राहू द्या, तपशील बुजला नसेल तर तो आपला मित्रच आहे.

फेविक्विकने जोडलेले हात, भाले या आंघोळीत सुटतात. घाबरू नका, पण प्रत्येक घोडेस्वाराचे तुकडे वेगळ्या डबीत ठेवा.

तापीकाठ

घोडेस्वार बरणीत जातील. पण नाईटांच्या खरखरीत प्रायमरचं काय? आणि तो तसा झालाच का, ते कळलं तर पुढच्या वेळी टाळता येईल.

हतनूर

स्प्रेचे थेंब वाटेतच वाळले म्हणून. बाहेर ४० च्या वर तापमान, कोरडा वारा, आणि डबा हातभर लांब धरलेला. थेंब आकड्यापर्यंत पोचतो तेव्हा तो रंग नसतो, भुकटी असते. आपल्याकडे मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत स्प्रे करायचा तर पहाटे सहा ते साडेसात, वारा पडलेला असताना, २० ते २५ सेंमी अंतरावरून, झटपट झटकारे देत. झटकारा आकड्याच्या बाहेर सुरू आणि बाहेरच संपला पाहिजे. आणि डबा गच्चीवर ठेवून विसरू नका. ५० अंशांच्या वर नेऊ नका असं डब्यावर लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यातला पत्रा ते सहज ओलांडतो.

पावसाळ्यात उलटं दुखणं. हवेत ओल जास्त असली की स्प्रे वार्निश दुधासारखं पांढरं पडतं. म्हणजे स्प्रेचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ज्यांना थांबवत नाही त्यांनी ब्रशने लावायचा प्रायमर घ्यावा. व्हॅलेहोचा पॉलियुरेथेन प्रायमर दोन पातळ थरांत लावा आणि २४ तास सोडा. तो आधीच घासला तर रबरासारखा सोलून येतो.

२४ नाईटांसाठी : कोरड्या, ताठ नायलॉनच्या टूथब्रशने जोरात घासा. वर नुसती बसलेली भुकटी निघून जाते. सपाट चिलखतावर १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून दोन-चार वेळा हलका फिरवा. साखळी चिलखतावर काही करू नका, तिथे खरखर उपयोगीच पडते.

मुश्की

बाटल्यांबद्दल कुणी बोललं नाही. टोपण उघडून नाकाडं काढा आणि टाचणीने ढवळून बघा. खाली गाळ आणि वर पाणी असेल तर रंग जिवंत आहे. लोण्यासारखा घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटरचे पाच-सहा थेंब टाका, एक दिवस उलटा ठेवा, मग हलवा. रबराची गोळी झाली असेल तर फेका, त्याला संजीवनी नाही.

हलवायला आत छर्रा टाकतात. सायकलच्या दुकानातला बेअरिंगचा छर्रा टाकू नका. तो साध्या पोलादाचा असतो, पाण्याच्या रंगात गंजतो, आणि तुमचा ऑफव्हाइट महिन्याभरात पिवळट होतो. स्टेनलेसचा घ्या, नाहीतर काचेचा मणी.

पाण्याचंही तेच. आपल्या बोअरचं पाणी जड. वॉश किंवा ग्लेझ त्यात पातळ केला की वाळल्यावर काळ्या-निळ्यावर पांढरी भुरी दिसते. आरओचं पाणी वापरा, किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं.

कुंचलेवाला

आता तिसरा प्रश्न, ब्रशवर वाळणारा रंग. ओला पॅलेट, दुसरा उपाय नाही. घट्ट झाकणाचा चपटा डबा, तळाला किचन टिश्यूच्या चार घड्या, पाणी घालून चिंब, वर बटर पेपर. पाणी कागदावर तरंगलं तर जास्त झालं, रंग पसरत जाईल. कागद टिश्यूला चिकटून सपाट बसला पाहिजे, खाली बुडबुडा नको. उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी टिश्यूला वास येतो, तेव्हा बदलून टाका.

रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव) दहा थेंब रंगाला एक थेंब. त्यापेक्षा जास्त झालं तर रंग चिकट राहतो आणि बोटांचे ठसे उमटतात. कूलर चालू असेल तर खोलीतली ओल आपल्या फायद्याची, पण झोत पॅलेटवर नको, बाजूला तोंड करा.

आणि एक फायदाही आहे, तो घ्या. पुस्तकी सल्ला असतो बारा-पंधराच्या तुकडीने रंगवा, म्हणजे शेवटचा होईपर्यंत पहिला वाळतो. मे महिन्यात पाचव्यापर्यंत पहिला खडखडीत असतो. तेव्हा सहाच घ्या. पंधरा अंगरखे सलग रंगवताना जो कंटाळा येतो, त्यानेच अशी खोकी वर्षानुवर्षं माळ्यावर पडतात.

भरीत-भाकरी

एवढं सगळं कशाला? कोरे रंग भरा, वार्निशचा तपकिरी डिप मारा, झटकून टाका, वर मॅट. ६० धनुर्धारी दोन रविवारांत.

कुंचलेवाला

डिप वाईट नाही, पण तो पांढऱ्याला मळका करतो आणि यांच्या सैन्यात इंग्रजांच्या लाल क्रूसाखाली पांढरं भरपूर येणार आहे. झटकलेला डिप भिंतीवर दिसतो ते वेगळंच. डिप करायचाच तर डबीत बुडवू नका, ब्रशने लावा, आणि क्रूस डिपनंतर काढा.

लळिंगकर

रंगांच्या निवडीवर थोडं, कारण "भडक लाल-निळे" इथेच खरी गंमत आहे.

त्या काळच्या युरोपात सामान्य माणसाचा लाल मॅडरचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातला : विटकरी, नारिंगीकडे झुकणारा. निळा वोडचा. त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच, पण पान कमी ताकदीचं, म्हणून स्वस्त कापड फिकट राखी-निळं. पिवळा वेल्ड नावाच्या झाडाचा, आणि हिरवा म्हणजे वोडवर वेल्ड. गर्द काळं कापड महाग, ते धनुर्धाऱ्याला नको. भरपूर दिसायला हवी न रंगवलेली लोकर : राखाडी, तपकिरी, मळकट पांढरी. सहांच्या तुकडीत दोन लाल छटेचे, एक निळा, एक हिरवा किंवा पिवळा, दोन बिनरंगी लोकरीचे. हे प्रमाण पाळलं की फौज पटते.

२५ ऑक्टोबर १४१५ च्या लढाईतल्या धनुर्धाऱ्यांचं वर्णन वाव्हरँ या बखरकाराने केलंय. चिलखत नाही, पायमोजे गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले, काही अनवाणी, डोक्यावर उकळून घट्ट केलेल्या चामड्याच्या किंवा वेताच्या टोप्या, त्यावर लोखंडी पट्ट्या. तेव्हा खाली गुंडाळलेले पायमोजे दिसले की ती मांडी कापडाची नाही, उघडी कातडी किंवा पांढरी चड्डी. जुन्या २२ मध्ये ही चूक सापडण्याची दाट शक्यता आहे, तपासा.

धनुष्य एकरंगी तपकिरी रंगवू नका. यू झाडाचं लाकूड दोन रंगांचं असतं. तिरंदाजाकडची बाजू गाभ्याची, नारिंगी-तपकिरी, आणि शत्रूकडची सालीखालची, फिकट पिवळसर. बारीक ब्रशने बाहेरच्या कडेला एक फिकट रेघ ओढली की काम झालं. टोकं शिंगाची, जवळजवळ काळी.

तापीकाठ

उघड्या मांड्यांची चूक सापडली, २२ पैकी ९. आता क्रूस. सगळ्यांना पांढरा अंगरखा आणि त्यावर लाल क्रूस द्यायचा का?

लळिंगकर

नको. इंग्लंडच्या रिचर्ड दुसऱ्याच्या १३८५ च्या डरहॅम नियमावलीत प्रत्येकाने पुढे आणि मागे सेंट जॉर्जचा मोठा क्रूस लावावा असा हुकूम आहे, आणि या लढाईतला इंग्रज राजा पाचवा हेन्री, त्याच्या नियमांतही तो आहे. पण त्याचा अर्थ सगळ्यांना कोरे पांढरे अंगरखे वाटले असा नाही. कुणाच्या जाड शिवलेल्या जाकिटावर पांढरा तुकडा टाचलेला, कुणाचा नुसता लाल पट्ट्यांचा क्रूस. १२-१५ जणांना पूर्ण पांढरा द्या, बाकीच्यांना छातीवर ठिगळ. पाठीवरही द्या, खेळताना तुम्हाला स्वतःच्या सैन्याची पाठच दिसते!

कुंचलेवाला

क्रूस काढायची रीत. पांढऱ्यासाठी पांढरा वापरायचा नाही. इराकी सँड (७०.८१९) चा तळ, घड्यांत पातळ तपकिरी वॉश, वर ऑफव्हाइट (७०.८२०) दोन पातळ थरांत, शुद्ध पांढरा फक्त खांद्याच्या कडेवर. मग डार्क रेड (७०.९४६) ने आधी उभी रेघ, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत, नंतर आडवी. आडवी रेघ बगलेच्या थोडी खाली. बरेच जण ती मधोमध घेतात आणि क्रूस पोटावर घसरतो. रुंदी छातीच्या पाचव्या हिश्शाएवढी. मध्ये फ्लॅट रेड (७०.९५७) भरताना दोन्ही कडांना गडद रेघ उरू द्या. रेघ वाकडी झाली तर लाल दुरुस्त करत बसू नका, ऑफव्हाइटने बाहेरून कापत आणा. घडीच्या खोबणीत लाल थोडा गडदच राहू द्या, नाहीतर क्रूस कापडावर नाही, स्टिकरवर दिसतो.

नाईटांचं लोखंड : काळ्यावर गनमेटल (७०.८६३), काळा-तपकिरी वॉश, मग ऑइली स्टील (७०.८६५). सपाट पत्र्यावर ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासणं) करू नका, खडूसारखे कण राहतात. पातळ थर लावा आणि खांद्याच्या गोलाईवर, गुडघ्याच्या वाटीवर सिल्व्हर (७०.९९७) ची रेघ. ड्रायब्रश फक्त साखळी चिलखताला. पत्रा उजळ, साखळी काळपट, एवढा फरक ठेवला तरी चिलखत वाचता येतं. गंज दाखवू नका, ही माणसं चिलखत घासणाऱ्या नोकरांची मालक होती.

धातूच्या रंगाला ब्रश वेगळा आणि पाण्याचा पेलाही वेगळा. त्यातले चमकदार कण पुढच्या दहा चेहऱ्यांवर चांदण्या पाडतात.

मुश्की

घोडे माझ्याकडे.

कुमैत (तांबूस-तपकिरी) घोड्याची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. बऱ्याच रंगवलेल्या घोड्यांत पाय तपकिरीच राहतात आणि ते लाकडी खेळणं दिसतं. पायाला पांढरा मोजा असेल तर त्याखालचा खूर फिकट, काळ्या पायाखालचा गडद. बारांत सहा कुमैत, तीन तांबडे, दोन करडे, एक मुश्की (काळा). अबलख (पांढऱ्या ठिगळांचा) एकही नको, डोळा तिथेच जाऊन अडकतो.

झटपट रीत : फिकट नारिंगी-तपकिरी अ‍ॅक्रिलिक तळ, पूर्ण वाळल्यावर वर बर्न्ट अंबर तैलरंग पातळ लावून पंधरा मिनिटांनी स्पंजच्या तुकड्याने पुसायचा. उंचवट्यावरचा निघतो, खोलात राहतो, स्नायू आपोआप दिसतात. तैलरंग वाळायला दोन-तीन दिवस, आणि तेवढे दिवस झाकून ठेवा. आपल्या मेच्या वावटळीत उघडा ठेवलेला घोडा संध्याकाळी मखमली होतो.

नमुना बघायला सारंगखेड्याच्या यात्रेतले फोटो कामाचे आहेत, रंग आणि पायांच्या खुणांसाठी. कान मात्र तिथून घेऊ नका. मारवाडी-काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, तुमच्या फ्रेंच घोड्यांचे सरळ.

तापीकाठ

ढाली आणि निशाणं? फ्रेंचांच्या निळ्यावर भरपूर सोनेरी लिलीची फुलं दिलेली डेकल (चिकटवायची चित्रं) जुन्या पाकिटात आहेत.

लळिंगकर

ती आधीच्या पिढीची. १४१५ मध्ये फ्रान्सच्या राजचिन्हात तीनच फुलं, आणि इंग्लंडच्या राजाच्या चार घरांच्या निशाणात फ्रेंच फुलांची जी दोन घरं, त्यांतही तीनच. डेकल क्रेसीच्या (१३४६ च्या लढाईच्या) काळासाठी जपून ठेवा.

लहान ढालीवर फूल म्हणजे एक उभा थेंब, दोन बाजूंना खाली वळलेले दोन, आणि मधून एक आडवी काडी. सोन्यासाठी सोनेरी रंग घेऊ नका, निळ्यावर तो राखाडी दिसतो. यलो ऑकर (७०.९१३), वर थोडा फ्लॅट यलो (७०.९५३). मनाची चिन्हं बनवणार असाल तर एक नियम : पिवळा-पांढरा हे धातू, लाल-निळा-काळा-हिरवा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. हा नियम पाळलेली काल्पनिक ढालही खरी वाटते.

ऑरिफ्लाम, म्हणजे फ्रेंच राजाचं युद्धनिशाण, एक तरी करा. लाल रेशीम, टोकाला चिरलेल्या शेपट्या. ते त्या दिवशी गिलोम मार्तेलकडे होतं आणि तो तिथेच पडला.

भरीत-भाकरी

अवांतर : फ्रान्सचा चिखल रंगवायला आपण बसलोय आणि दीड-दोन तासांवर खानदेशच्या फारुकी सुलतानांचा असीरगड उभा आहे. थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. १३८२ ते १६०१ म्हणजे दोनशे वर्षांचं सैन्य कुणीच रंगवत नाही. १७ जानेवारी १६०१ ला गड अकबराच्या हाती गेला, हा वेढा टेबलावर यायला हवा.

लळिंगकर

नवीन धागा काढा, मी येतो. पण त्यांचे आकडे, त्यांची हत्यारं, सगळंच वेगळं. हे ९६ संपल्याशिवाय यांना नवीन खोकं घेऊ देऊ नका. धीर धरीसन करा भो.

हतनूर

चिखलावरून आठवलं. बेससाठी शेतातली काळी माती वापरायचा मोह होईल. नको! आपली कापसाची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. फेविकॉलमध्ये कालवून लावली की आठवड्यात बेसवर उन्हाळ्यातल्या वावरासारख्या भेगा. शिवाय अ‍ॅजिंकोर्टची जमीन तपकिरी, काळी नव्हे. नुकतीच नांगरून गहू पेरलेली आणि रात्रभर पावसात भिजलेली.

तापीची वाळू धुऊन, तव्यावर भाजून, चहाच्या गाळणीने चाळा. पाच भाग वाळू, दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, आणि मिश्रणातच गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पुढे टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही. काडीने समांतर तास ओढा. वाळल्यावर गडद तपकिरी वॉश, बेज ब्राउन (७०.८७५) चा हलका ड्रायब्रश, आणि तासांच्या खोलीत ग्लॉस वार्निशचे ठिपके, ते पाणी. गवताचे झुबके फक्त कडेला दोन-तीन, पिवळट. हेच जुन्या २२ ना, हेच नव्यांना.

बेस २ मिमी एमडीएफचे, ६० बाय ४० मिमी, चार-चार धनुर्धारी. एमडीएफ एका बाजूने ओला झाला की वाकतो, म्हणून आधी दोन्ही बाजूंना वार्निश मारून घ्या.

अर्धाकच्चा

शेवटचं वार्निश ब्रशनेच लावा, नोव्हेंबरची वाट बघत बसू नका. धातूच्या घोडेस्वारांना आधी ग्लॉस, एक दिवसानंतर मॅट. मॅटची बाटली दोन मिनिटं हलवल्याशिवाय उघडायची नाही. खाली बसलेली पूड ढवळली गेली नाही तर घड्यांत पांढरं साचतं. साचलंच तर त्यावर पुन्हा ग्लॉस मारा, बहुतेक वेळा पांढरेपणा जातो, मग नीट ढवळलेला मॅट.

तापीकाठ

पहिल्या सहांचा तळरंग झाला, कूलर बाजूला वळवून. आता बेसवर धनुर्धाऱ्यांचे घोडे अडवायचे खुंटे रोवायचेत. बांबूचे स्क्युअर चालतील?

हतनूर

जाड होतात. ३ मिमी म्हणजे या मापात जवळपास १८ सेंमी जाडीचा सोट. खराट्याच्या काड्या घ्या, बुंध्याकडच्या दीड-दोन मिमीच्या. खरा खुंटा सहा फुटी धरला तर इथे ३० मिमीच्या आसपास, त्यातले पाच-सहा मिमी बेसमधल्या भोकात. दोन्ही टोकं तासून अणकुचीदार करा, तासलेला भाग फिकट लाकडी, बाकी सालीचा राखाडी-तपकिरी. टोक शत्रूकडे झुकलेलं, घोड्याच्या छातीच्या उंचीला. एका बेसवर तीन पुरे, आणि एकही दुसऱ्याला समांतर नको. भोकं वाळू लावायच्या आधी पाडा, नंतर ड्रिल घातला की फेविकॉलचा थर उचकटतो.